लेकराची सेवा तीच देवाची सेवा



छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचा तंटा आला आहे. श्रेष्ठ कोण? वाणी वर्षभर निघून गेली, देह मुका होऊन जगला. डोळे गेले, आंधळा होऊन जगला. प्राण मात्र नुसता निघू लागला, तोच बाकीच्यांचे खुंटे उपटू लागले. मग सर्वांनी प्राणापुढे हात जोडले. आपण ही कथा ऐकतो आणि घरी जातो. परंतु आमच्या पलूस, कुंडल, भिलवडीकडची एखादी लेक सांगली-मिरजेच्या इस्पितळात दिवस न भरलेल्या बाळाच्या उशाशी बसते, तेव्हा तिला या कथेचा अर्थ श्वासागणिक कळतो.

सहाव्या-सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. प्राणवायू आणि श्वासाचे यंत्र त्याला वाचवितात. पण त्यांचाच ताण त्या कोवळ्या फुप्फुसांना इजाही करतो. १९६७ साली अमेरिकेत डॉ. नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विकार प्रथम वर्णिला. मग आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, नाकाशी नळी राहते. अहो, यात कोणाचे पाप आले आणि सुनेचा पायगुण कुठला? असे बोलणाऱ्याने आधी हातातले टाळ खाली ठेवावेत.

आशा अशी की, जन्मानंतरही दोन-तीन वर्षे फुप्फुसात नवे वायुकोश होत राहतात. बाळाचे अंग भरते तशी फुप्फुसेही वाढतात, आणि त्यासाठी आईच्या दुधासारखे दुसरे अन्न नाही. म्हणूनच १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातांच्या दुधाची पेढी काढली. त्याआधी १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरी, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा, डॉ. रे यांनी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची रीत घातली. आज ती जगभर चालते. डॉक्टर व परिचारिकांच्या अनुमतीने बापानेही बाळ छातीशी धरावे.

आता शंका येते : महाराज, एकादशी घडली नाही, वारी चुकली, आमचे कसे व्हायचे? माय, पुंडलिकाकडे पाहा. दारी देव आला तरी त्याने मायबापांची सेवा सोडली नाही. वीट फेकली आणि देवाला थांबविले. देव रागावला नाही, अजून उभा आहे. तू लेकराचा श्वास मोजीत बसली आहेस, तर तो तुझ्यासाठीही थांबेल. दूध पाजणारीने कडक उपास करू नयेत. दोन घास जास्त खावेत.

आणि घरच्यांनो, बाकीचे काम तुमचे आहे. तिचा डबा वेळेवर पोचवा, रात्री आळीपाळीने बसा. बाळ घरी आले की शेगडीवर ओवा-लसणाची धुरी देऊ नका. रीत जुनी खरी, पण या बाळाला धूर सोसत नाही. चूल दूर ठेवा, बिडी सोडा, उसाचे पाचट पेटवू नका. सर्दी-पडसे असेल त्याने बाळाला घेण्याचा मोह आवरावा. पंढरीच्या वाटेवर दमलेल्याला आपण पाणी देतो ना? ही मायही वाटेवरच आहे.

रामकृष्ण हरि.