दिलेला शब्द, घेतलेले रक्त

अल्बानियन भाषेत विश्वासाशी नाते सांगणाऱ्या शब्दांचे एक कुटुंबच आहे आणि त्याचा मूळपुरुष आहे ‘बेसा’. श्रद्धा म्हणजे ‘बेसिम’, इमानी माणूस तो ‘बेस्निक’, आणि दगाबाज तो ‘पाबेस’, म्हणजे ज्याच्यापाशी बेसा नाही असा. मुलींचे नावही बेसा ठेवतात. मराठीत या शब्दाला एकच प्रतिशब्द शोधायला गेले की हात तोकडे पडतात. दिलेला शब्द, इमान, शरण आलेल्याला दिलेले अभय, आणि दोन वैरी घराण्यांनी ठरावीक मुदतीपुरता पाळायचा तह, एवढे सगळे त्यात मावते. अल्बानियन लोककथांमधली सर्वांत प्रसिद्ध कथा याच शब्दाभोवती फिरते. दोरुन्तिना नावाच्या मुलीचे लग्न फार दूरच्या मुलखात ठरते. आईचे मन धजत नाही, तेव्हा धाकटा मुलगा कॉन्स्टँडिन शब्द देतो की तू म्हणशील तेव्हा मी तिला घरी आणीन. पुढे सगळे भाऊ लढाईत मरतात आणि एकटी उरलेली आई थडग्यापाशी येऊन त्या शब्दाची आठवण करून देते. त्या रात्री कॉन्स्टँडिन थडग्यातून उठतो, घोड्यावरून बहिणीला आईच्या दाराशी आणून सोडतो आणि परत मातीत जातो. इस्माइल कादारे यांनी या कथेवर कादंबरी लिहिली, कारण आपल्या समाजाने आपल्याबद्दल जे काही मानले आहे त्याचे सार या कथेत आहे हे त्यांना ठाऊक होते.

अल्बानियाविषयी बाहेरच्या जगात जे लिहिले जाते ते बहुधा दोन कप्प्यांत पडते. एका कप्प्यात पाहुणचार आणि बेसा, दुसऱ्यात ‘ग्याकमार्या’, म्हणजे शब्दशः ‘रक्त घेणे’, खुनाचा खुनाने आणि पिढ्यानपिढ्या चालणारा बदला. पहिल्याचे कौतुक होते, दुसऱ्याची भीती वाटते, आणि वाचकाची समजूत होते की एका चांगल्या परंपरेला एक वाईट परंपरा चिकटली आहे. वाईट तेवढी खुडून टाकली की काम झाले. ही समजूत मला मुळातच चुकीची वाटते. दोन्ही चाली एकाच गरजेतून आल्या. जिथे सरकार पोचत नाही तिथे माणसाच्या शब्दाला कोण जामीन राहणार, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ही सगळी व्यवस्था. १९९१ नंतर अल्बानियात रक्ताचे वैर पुन्हा उफाळले त्याचे कारणही डोंगरी लोकांच्या स्वभावात शोधू नये. ते सरकारच्या मोडलेल्या शब्दात आहे.

उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या रूढ कायद्याला ‘कानून’ म्हणतात. हा शब्द आपल्या कायदेकानूनमधलाच. मुळात ग्रीक, अरबी-तुर्कीमधून तिकडेही गेला आणि फारसीमार्गे इकडेही आला. पंधराव्या शतकातला सरदार लेक दुकाग्यिनी याच्या नावावर तो सांगितला जातो, पण शतकानुशतके तो लिहिलेला नव्हता; कुळांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होता. श्त्येफन ग्येचोव या फ्रान्सिस्कन पाद्र्याने गावोगाव फिरून तो गोळा केला. १९२९ मध्ये ग्येचोव यांचा खून झाला आणि १९३३ मध्ये श्कोदर शहरात त्यांचे संकलन ग्रंथरूपाने आले. त्यात चर्च, लग्न, जमीन, मधमाश्या, गुरे, बोलण्यातला अपमान, सगळ्यांचे नियम आहेत. पाहुण्याविषयीची कलमे तर बारकाईने वाचावीत अशी. अल्बानियन भाषेत ‘मिक’ म्हणजे पाहुणाही आणि मित्रही. तो दाराशी आला की यजमान त्याचे हत्यार आपल्या हाताने घेऊन खुंटीला लावतो. यात त्याचा मान आहेच, शिवाय ‘इथून पुढे तुझ्या जिवाचा भार माझ्यावर’ अशी कबुली आहे. अशा पाहुण्याला कुणी मारले तर यजमानाची जबाबदारी सख्ख्या नात्याहून मोठी ठरते: बाप-भावाच्या खुन्याला क्षमा करता येते, पाहुण्याच्या खुन्याला नाही. आपण आतिथ्याला सद्गुण मानतो, पुण्याचे काम मानतो. कानूनमध्ये पाहुणा हा एक कायदेशीर दर्जा आहे, आणि त्याच्या रक्षणामागे सक्ती आहे ती बदल्याचीच.

याची दुसरी बाजू कॉफीच्या कपात दिसते. घराण्याचे रक्त अजून ‘घेतले’ नाही अशा पुरुषाला बैठकीत, म्हणजे ‘ओदा’मध्ये, कॉफी देताना कप सरळ हातात न देता गुडघ्याखालून पुढे करण्याची चाल होती. कुणी त्याला एक अक्षर बोलत नसे. शेकोटी तीच, माणसे तीच, कॉफीही तीच. फक्त कप खालून येई, आणि त्या माणसाला कळे की आपले घर माणसांतून उठले आहे. ज्या बैठकीत परक्याला अभय मिळे त्याच बैठकीत घरच्याला खुनाकडे ढकलले जाई. पण त्याच व्यवस्थेने खुनाला कुंपणेही घातली होती. स्त्रिया आणि मुले यांचे रक्त घ्यायचे नाही. खून झाल्यावर मारेकऱ्याच्या घराने आधी चोवीस तासांची बेसा मागायची. ती मिळाली की मारेकऱ्याने मृताच्या अंत्यविधीला जायचे आणि तिथे जेवायचेही. मग गावाच्या मध्यस्थीने तीस दिवसांची बेसा. या मुदतीत रस्त्याने जाणाऱ्या माणसाला हात लावायचा नाही. पोलीस नाहीत, तुरुंग नाही, न्यायाधीश नाही, अशा मुलखात संतापलेल्या माणसांना महिनाभर थांबवणारी ही यंत्रणा होती, आणि ती चालायची ती केवळ शब्द मोडणाऱ्याला समाजात जागा नसल्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धात या शब्दाची कसोटी लागली. युद्धापूर्वी अल्बानियात ज्यूंची संख्या दोनशेच्या आसपास होती. एप्रिल १९३९ मध्ये इटलीने देश घेतला, सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन आले. तोवर युगोस्लाव्हिया, ऑस्ट्रिया, जर्मनीतून पळालेले ज्यू तिथे पोचले होते. घराघरांनी त्यांना आपल्यात घेतले, शेतकऱ्यांचे कपडे दिले, मुसलमान नावे दिली, गावातून गावात सरकवले. युद्ध संपले तेव्हा देशातल्या ज्यूंची संख्या दोन हजारांच्या घरात होती. जर्मनांच्या ताब्यात राहिलेल्या युरोपात ती वाढलेली असणे हीच अपूर्व गोष्ट होती. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो बळकट आहे: कोसोवोत हेच अल्बानियन होते, हीच बेसा होती, आणि तिथे १९४४ मध्ये अल्बानियन सैनिकांच्या एसएस तुकडीने प्रिश्तिनातले ज्यू पकडून दिले. मग बेसा ही राष्ट्राने स्वतःविषयी रचलेली गोड कथा नव्हे काय? माझे उत्तर असे की बेसा रक्तात वाहत नाही, हेच कोसोवो दाखवते. ती कोण कुणाला कोणत्या छपराखाली देतो यावर असते. वर्दीतल्या तुकडीने कुणालाच शब्द दिलेला नव्हता. ज्यांच्या उंबऱ्याच्या आत माणूस आला त्यांनी तो पाळला. १९९९ मध्ये कोसोवोतून हाकललेले चार लाखांहून अधिक लोक अल्बानियात आले तेव्हा त्यांतल्या बहुसंख्यांना पुन्हा घरांनीच सामावून घेतले. त्या वेळी देश स्वतः कंगाल होता.

महायुद्धानंतरच्या मधल्या काळात एन्व्हर होजा यांच्या कम्युनिस्ट राजवटीने कानून मोडून काढला, असे म्हणतात. रक्ताचे खून त्या काळात जवळपास थांबले, हे खरे. मध्ययुगीन रूढी हटवायला लोखंडी हातच लागतो, असे मानणारे हेच उदाहरण देतात. पण त्या राजवटीने काय रुजवले तेही पाहावे. प्रत्येक घराची एक ‘बिओग्राफी’, म्हणजे राजवटीच्या लेखी असलेला पूर्वेतिहास, असे. एकजण राजवटीविरुद्ध बोलला किंवा सीमा ओलांडून पळाला, की त्याच्या बायकोची, भावाची, मुलांची बिओग्राफी बिघडली. त्यांना दूरच्या गावी नजरकैदेत धाडत. मुलांना विद्यापीठाची दारे बंद. एकाच्या कृत्याची शिक्षा अख्ख्या कुळाला, हे तर रक्तवैराचेच तर्कशास्त्र! कानूनने निदान बाई आणि मूल वगळले होते. सरकारने तीही सूट ठेवली नाही. १९६७ मध्ये मशिदी आणि चर्च बंद झाली. ओदातली बैठक संशयास्पद ठरली. शेजारी शेजाऱ्याची खबर देऊ लागला. रक्त घेण्याची इच्छा दबली, पण तिला आवर घालणारे वडीलधारे, मध्यस्थ, मुदतीचे तह हे सारे मात्र मुळासकट उपटले गेले.

म्हणून ती राजवट गेल्यावर, १९९१ नंतर, जे परत आले ते कानूनचे नाव होते, कानून नव्हता. त्या वर्षी निघालेल्या ७५०१ क्रमांकाच्या जमीन कायद्याने सहकारी शेतीची जमीन घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे वाटायचे ठरवले. उत्तरेतल्या बऱ्याच गावांनी तो मानला नाही आणि जुन्या बांधांप्रमाणे जमीन वाटून घेतली. एकाच वावरावर दोन हक्क उभे राहिले: एकाच्या हाती सरकारी कागद, दुसऱ्याच्या तोंडी आजोबांचा बांध. बांधाची भांडणे काय करू शकतात हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ती मिटवू शकेल असे न्यायालय जवळपास नव्हते आणि होते तिथे निकाल विकत मिळतो असे लोक उघड बोलत. मग आल्या दामदुप्पट योजना. सरकारने त्यांच्याकडे काणाडोळा केला, लोकांनी घरे आणि गुरे विकून पैसे घातले. १९९७ च्या आरंभी त्या कोसळल्या तेव्हा त्यांची देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ निम्म्याइतकी होती. लोकांनी शस्त्रागारे फोडली, लाखो बंदुका घरोघरी गेल्या, आणि त्या अराजकात सुमारे दोन हजार माणसे मेली. कानूनची कोणतीही प्रत उघडण्याची गरज नव्हती. ज्या समाजात सरकारच्या कागदाला, बँकेच्या पावतीला आणि कोर्टाच्या निकालाला किंमत उरली नाही, तिथे माणूस पुन्हा कुळाच्या आधाराला गेला, आणि या वेळी हातात बंदूक होती पण डोक्यावर वडीलधारा नव्हता. मुलांना, बायकांना मारल्याच्या घटना घडू लागल्या. जुन्या थेथ गावात दगडी बुरूज आहे, ज्यात रक्ताचा देणेकरी तडजोड होईस्तोवर कोंडून घेई. आता शहरातल्या फ्लॅटमध्ये अख्खी कुटुंबे वर्षानुवर्षे कोंडून राहू लागली. याला ‘न्गुयिम’ म्हणतात.

मी जुन्या कानूनची बाजू घेतो आहे असा कुणाचा समज होईल, तर तो इथेच दूर करायला हवा. त्या कायद्यात स्त्रीला वारसा नव्हता, घरात मत नव्हते, आणि तिचे रक्त न घेण्यामागे तिला पूर्ण माणूस न मानणे हेही एक कारण होते. घरात पुरुष उरला नाही, किंवा ठरवलेले लग्न तिला नको असले आणि नकारातून वैर पेटायची भीती असली, तर तिला एकच वाट मोकळी होती: गावापुढे आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन ‘बुर्नेशा’ व्हायचे, पुरुषाचे कपडे घालायचे, ओदात पुरुषांत बसायचे. माणसाचे हक्क मिळवायला तिला स्त्रीपण टाकावे लागे. असा कायदा परत यावा असे कुणीही शहाणा म्हणणार नाही. पण तो गेल्यावर त्याच्या जागी काय येते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

त्याचे एक उत्तर १९९० मध्ये कोसोवोने दिले. आदल्या वर्षी सर्बियाने कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली होती. अशा वेळी आपसांत रक्त सांडणे परवडणारे नाही, हे आधी ओळखले ते तरुण विद्यार्थ्यांनी. ते प्रिश्तिनाचे लोकसाहित्याचे अभ्यासक अंतोन चेत्ता यांच्याकडे गेले. चेत्ता यांनी हयातभर गावोगावच्या कथा आणि गाणी गोळा केली होती. कुणाच्या ओदात कसे बसायचे, पहिला शब्द कुणी बोलायचा, हे त्यांना पाठ होते. ते आणि ती मुले मृतांच्या घरी जात. ते कायद्याचा धाक घालत नव्हते आणि कानूनला रानटीही म्हणत नव्हते. बैठकीत बसत, कॉफी घेत, आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्याच्याकडे रक्ताची माफी मागत. माफ करण्याचा मान त्याचाच ठेवत. काही घरी रात्र रात्र बसावे लागे. १ मे १९९० रोजी देचानजवळच्या वेरात ए ल्लुकसच्या माळावर लाखो लोक जमले आणि तिथे एकामागून एक माणसे पुढे येऊन सर्वांदेखत रक्त माफ करत गेली. त्या मोहिमेत हजाराच्या आसपास वैरे मिटली. जी बेसा खुनाला बांधत होती तिच्याच भाषेत माफीचाही शब्द दिला गेला. ‘परंपरा बदलत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा माळ विसरू नये. ‘परंपरा बाहेरून मोडावी लागते’ असे म्हणणाऱ्यांनीही विसरू नये.

तरीही दर पिढीला एक चेत्ता मिळेल या भरवशावर देश चालत नाही. अल्बानियाने रक्तवैरातून केलेल्या खुनाला स्वतंत्र गुन्हा ठरवून किमान तीस वर्षांची शिक्षा ठेवली आहे. शिक्षा कडक झाल्या, पण माझ्या मते खरे पाऊल दुसरेच होते. २०१६ मध्ये घटना दुरुस्त करून देशातल्या प्रत्येक न्यायाधीशाची आणि सरकारी वकिलाची मालमत्ता, लागेबांधे आणि पात्रता तपासायला सुरुवात झाली. तपासणीला सामोरे गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण अपात्र ठरले किंवा आधीच राजीनामा देऊन मोकळे झाले. लोक इतकी वर्षे कोर्टाची पायरी का चढत नव्हते, याचे याहून स्पष्ट उत्तर कुठल्या समाजशास्त्रज्ञानेही दिले नसते. पण एवढे न्यायाधीश एकदम गेल्यामुळे खुर्च्या रिकाम्या पडल्या आणि वरच्या न्यायालयांत हजारो प्रकरणे तुंबली. त्यांत जमिनीची आहेत, वारशाची आहेत, मालकीच्या जुन्या कागदांची आहेत. अल्बानियातले रक्तवैर संपले की नाही हे ज्यांना खरोखर जाणून घ्यायचे आहे, त्यांनी डोंगरातल्या दगडी बुरुजांचे फोटो पाहण्याआधी या प्रकरणांचे निकाल लागतात का, याची चौकशी करावी.