निसटता येतं म्हणून निसटावं का?

'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात टेबलाभोवती बसून खेळताना दिसतात. तो खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', थोडक्यात डी अँड डी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. ज्यांनी कधी खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर, एक जण 'डन्जन मास्टर' होतो आणि गोष्टीचं जग उभं करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. आपलं पात्र काय करू पाहतं ते खेळाडू सांगतो, आणि ते जमलं की फसलं हे बऱ्याचदा फासे ठरवतात.

अशा गोष्टीत कधी ना कधी कैद येतेच. लढाई हरली, सगळे शुद्धीवर आले तेव्हा हात बांधलेले, हत्यारं काढून घेतलेली, समोर लोखंडी गज. डन्जन मास्टरने आठवडाभर खपून तुरुंगाचा नकाशा काढलेला असतो, पहारेकऱ्यांच्या पाळ्या ठरवलेल्या असतात. आणि जादूगार खेळणारी मुलगी शांतपणे म्हणते, "मी मिस्टी स्टेप टाकते." पुढच्या क्षणी ती गजांच्या पलीकडे उभी असते.

अशा प्रसंगी टेबलावर वाद होतो तो सहसा नियमांचा. हे चालतं का, डन्जन मास्टरने ते कसं रोखायचं, वगैरे. मला त्यातले दोन वेगळे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. निसटता येतं, एवढं कारण निसटायला पुरेसं आहे का? आणि ज्याला कधीही निसटता येतं, अशा माणसाला पकडणाऱ्याने त्याचं काय करायचं?

तरीही नियम आधी नीट पाहू, कारण पेच त्यांच्यातूनच तयार होतो. खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत 'मिस्टी स्टेप'ने ३० फुटांपर्यंत जाता येतं. जागा मोकळी हवी, डोळ्यांना दिसायला हवी, आणि जायचं एकट्यानेच. 'डायमेन्शन डोअर' ५०० फुटांपर्यंत नेतं. इथे जागा दिसायचीही गरज नाही, दिशा आणि अंतर सांगितलं तरी पुरतं. सोबत मात्र एकाच माणसाला नेता येतं, तेही तो राजी असेल तर. 'टेलिपोर्ट' फार वरच्या लेव्हलला मिळतो. त्यात आणखी आठ जण येऊ शकतात. या तिन्ही मंत्रांत एक गोष्ट समान आहे. हातवारे लागत नाहीत, सामग्री लागत नाही. फक्त मंत्र तोंडाने उच्चारावा लागतो. हात बांधून काही उपयोग नाही. शब्द उच्चारता आला की माणूस गेला.

आता कोठडीत चौघं आहेत असं धरू. सातव्या लेव्हलच्या जादूगाराला डायमेन्शन डोअर येतं, पण त्या तोडीचा स्पेल-स्लॉट तिच्याकडे एकच असतो. म्हणजे ती आणि आणखी एक जण. उरलेल्या दोघांचं काय? टेबलावरचं नेहमीचं उत्तर असतं, "आम्ही बाहेर जाऊन किल्ल्या आणतो." ठीक आहे. आपल्या मित्रांची पात्रं मागे राहिली असली की माणूस परत येतोच, नाहीतर ते मित्र संध्याकाळभर काय करणार! पण शेजारच्या कोठडीत गावातले सहा लोक असले तर? त्यांना कुणी खेळाडू नाही. त्यांच्या वाट्याचे फासे कुणी टाकणार नाही. सकाळी पहारेकऱ्याला एक कोठडी रिकामी दिसेल आणि तो राग कुणावर तरी काढेल. तो मार टेबलावर बहुधा कधीच येत नाही, कारण गोष्ट सुटलेल्यांच्या मागे जाते.

कैदेतून निसटणं म्हटलं की मराठी माणसाला आग्रा आठवणारच. ऑगस्ट १६६६ मध्ये शिवाजी महाराज तिथून निसटले. पेटाऱ्यांची गोष्ट आपण शाळेत शिकतो. तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं फारसं लक्षात राहत नाही. अलीकडचं असं, की महाराजांनी आधी परवानगी मिळवून सोबतची बरीचशी माणसं दक्षिणेत परत पाठवली. मागे राहून भोगणाऱ्यांची संख्या आधीच कमी केली. पलीकडचं असं, की एवढं करूनही किंमत पडलीच. त्र्यंबकपंत डबीर आणि रघुनाथपंत कोरडे पकडले गेले, त्यांचे हाल झाले. महाराजांसाठी जामीन राहिलेल्या रामसिंगाला औरंगजेबाने दरबारात यायला बंदी केली.

यावरून निसटणं चूक ठरत नाही. निसटण्याचा हिशेब एकट्याचा नसतो, एवढं मात्र ठरतं. ज्याच्याकडे दार आहे त्याने कोठडीत किती माणसं आहेत हे मोजायला हवं. सगळ्यांना नेणं शक्य नसेल, पण मागे राहणाऱ्यांचा विचार आधी करणं शक्य असतं. जादूगाराला ते जास्त शक्य असतं, कारण तिच्या हातात वेळ निवडणं आहे. ज्या क्षणी तिला जाता येतं आणि ती जात नाही, त्या क्षणापासून तिचं थांबणं ही तिची निवड होते. मग जाणं हीसुद्धा निवडच.

आता गजांच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. टेबलावरच्या मंडळींनी शत्रूचा जादूगार जिवंत पकडलाय. त्याला ठेवायचं कसं? डोळे बांधले तर मिस्टी स्टेप थांबेल, डायमेन्शन डोअर थांबणार नाही. तोंडात बोळा कोंबला तर मंत्र थांबेल, पण जेवायला दिलं की बोळा काढावा लागेल. 'सायलेन्स' हा मंत्र दहा मिनिटं टिकतो. 'डायमेन्शनल शॅकल्स' नावाच्या बेड्या असतात, त्या घातल्या की असं गायब होता येत नाही, पण त्या दुर्मिळ. गावच्या पाटलाकडे त्या कुठून येणार? म्हणजे उरलं काय? एक तर त्याला सोडा, नाहीतर दिवसरात्र बोळा कोंबून ठेवा, नाहीतर मारून टाका.

बऱ्याच टेबलांवर तिसरा पर्याय निवडला जातो, तोही चटकन. "सोडला तर सैन्य घेऊन येईल. ठेवला तर रात्री पळेल. इलाज नाही." शरण आलेल्या, हात बांधलेल्या माणसाला मारलं जातं आणि पुढच्या खोलीचं दार उघडलं जातं. खेळातलं रक्त खोटं असतं हे मान्य. पण "इलाज नाही" हे वाक्य बोलणारा माणूस खरा असतो, आणि ते वाक्य बोलायची सवयही खरीच.

एका शब्दात निसटायची ही ताकद भिंती निरुपयोगी करते. भिंती निरुपयोगी झाल्या की सोडणं आणि मारणं यांच्यामधली जागा नाहीशी होते. एक कैदी असा निसटला की पुढच्या कैद्याच्या तोंडात पहिल्याच दिवशी बोळा जातो. तो जादूगार आहे की साधा भिक्षुक, हे कुणी विचारत बसत नाही.

पण ती मधली जागा भिंतींनीच तयार होते असं नाही. बातम्यांत आपण 'पॅरोल' हा शब्द ऐकतो. कैदी पॅरोलवर सुटला, पॅरोल संपूनही परतला नाही, वगैरे. मूळ फ्रेंचमध्ये 'पॅरोल' म्हणजे शब्द, वचन. युरोपातल्या लढायांत पकडलेल्या सैनिकाकडून, विशेषतः अधिकाऱ्याकडून, शब्द घेतला जायचा की अदलाबदल होईपर्यंत मी हत्यार उचलणार नाही. तेवढ्यावर त्याला सोडायचे. अमेरिकेच्या यादवी युद्धात जुलै १८६२ मध्ये दोन्ही बाजूंनी करारच केला. पकडलेल्यांना दहा दिवसांत पॅरोलवर सोडायचं, मग रीतसर अदलाबदल. वर्षभरात तो करार मोडला. त्याचं एक मोठं कारण असं, की दक्षिणेकडची राज्यं उत्तरेच्या सैन्यातल्या काळ्या सैनिकांना युद्धकैदी मानायलाच तयार नव्हती. त्यानंतर मोठमोठ्या छावण्या भरत गेल्या. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे १८६४-६५ मध्ये सुमारे ४५,००० कैदी ठेवले गेले. त्यातले जवळजवळ १३,००० मेले, बरेचसे रोगराईने आणि उपासमारीने.

शब्द मोडतो तेव्हा असं होतं. आणि तो का मोडला हेही पाहण्यासारखं आहे. समोरच्याला शब्द देण्याच्या लायकीचा माणूसच मानलं नाही, म्हणून. डी अँड डीच्या जुन्या पुस्तकांत गॉब्लिन, ऑर्क यांच्या नावापुढे 'दुष्ट' असं छापलेलंच असायचं. खेळाडू तेवढं वाचून मोकळा होतो. दुष्टाच्या शब्दाला काय किंमत? मग शब्द मागायचाच कशाला?

नियम जाणणारे इथे म्हणतील की जादूनेच शब्द घ्या ना. 'झोन ऑफ ट्रुथ' टाका, त्यात ज्याच्यावर मंत्र लागू झाला त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. किंवा 'गीआस' टाका, हुकूम मोडला तर त्याला यातना होतात. पण पहिला मंत्र आजचा हेतू सांगतो, उद्याचा नाही. आणि दुसरा म्हणजे अदृश्य बेडीच. मोडता येत नाही तो शब्द कसला? मोडता येत असूनही पाळला जातो, म्हणून तर त्याला मोल.

असा शब्द पाळल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण सॉक्रेटिसचं. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात त्याचा मित्र क्रिटो पहाटे येतो. पैशांची सोय झालेली, पळायची व्यवस्था झालेली. म्हणजे सॉक्रेटिसच्या हातात डायमेन्शन डोअर होतंच म्हणा ना. तो जात नाही. या शहराचे कायदे मान्य करून मी आयुष्यभर इथे राहिलो, आता निकाल माझ्याविरुद्ध गेला म्हणून तो करार मोडू कसा, असा त्याचा युक्तिवाद प्लेटोने नोंदवलाय.

मग आग्र्याचं निसटणं कमी प्रतीचं ठरतं का? मुळीच नाही. महाराज आग्र्याला गेले ते मिर्झाराजा जयसिंगाने सुरक्षिततेची हमी दिली म्हणून. तिथे त्यांच्यावर पहारे बसवले गेले, म्हणजे दिलेला शब्द पकडणाऱ्यानेच आधी मोडला. ज्याने आपला शब्द मोडला त्याच्या भिंतींचं आपण काही देणं लागत नाही. गळ्यावर सुरी ठेवून घेतलेल्या वचनालाही हेच लागू. म्हणून निसटावं का, हे विचारण्याआधी विचारायचं की आपल्या दोघांत काही शब्द झाला होता का, तो मोकळेपणाने दिला होता का, आणि आधी कुणी मोडला.

डन्जन मास्टर होणाऱ्यांवर यात मोठी जबाबदारी आहे. तुमच्या गोष्टीत सोडलेला प्रत्येक कैदी जर सैन्य घेऊन परतत असेल, तर विश्वास ठेवणं हा मूर्खपणा आहे हे खेळाडूंना तुम्हीच शिकवताय. मग ते पुढच्याला मारणारच. दहांतल्या चौघा-पाचांनी तरी शब्द पाळू द्या. एखादा गॉब्लिन महिन्याभराने घेतलेलं घोडं परत आणून देऊ द्या. मग बघा, टेबलावर "मारून टाकू" म्हणायच्या आधी कुणीतरी थांबेल आणि म्हणेल, "आधी त्याला विचारू तरी."

आणि जादूगार खेळणारीने मंत्र उच्चारायच्या आधी डन्जन मास्टरला एक साधा प्रश्न विचारावा: "माझ्याशिवाय इथे अजून कोण कोण आहे?"