कुंपणाबाहेरचा जीव कोणाचा?



आमच्या खडकवासल्यातल्या एका वारकरी घरातला मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीला आहे. तो सुट्टीत आला तेव्हा त्याने एक प्रश्न विचारला. त्याच्या ओळखीचा एक शिकारी तिथल्या रानात देशी हरणासाठी दबा धरून बसला होता. पुढ्यात आला तो पिळदार शिंगांचा, काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा काळवीट. कुणाच्या तरी कुंपणातून सुटलेला. मुलगा म्हणाला, "आजोबा, तिथल्या कायद्याने त्याला मारायला आडकाठी नाही. पण धर्माने काय?"

प्रश्न परदेशातला वाटतो, पण जनावर आपले आहे. काळवीट, चितळ आणि नीलगाय हे तिन्ही प्राणी १९३०च्या सुमारास आपल्या भागातून तिकडे गेले. तिथल्या मोठ्या जमीनदारांनी ते हजारो एकरांच्या कुरणांत सोडले, काही शोभेसाठी, काही शिकारीसाठी. भोवती उंच तारेचे कुंपण घातले. पण पुरात कुंपण वाहून जाते, झाड पडून मोडते, कधी फाटकच उघडे राहते. सुटलेली जनावरे रानात गेली, तिथे त्यांना पिल्ले झाली, पिढ्या झाल्या. तिथल्या देशी हरणाला शिकारीचा हंगाम ठरलेला आहे, किती मारावीत याची मर्यादा आहे. या परक्या हरणांना खासगी जमिनीवर हंगामही नाही आणि मर्यादाही नाही. परका म्हणून त्याचा हिशेबच ठेवलेला नाही.

त्या लोकांना नावे ठेवण्याआधी आपले घर पाहावे. काळवीट पळवून धरण्यासाठी आपल्याकडच्या संस्थानांनी चित्ते पाळले. इथले चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूरसारख्या दरबारांनी ते आफ्रिकेतून आणवले. हरीण तिकडे गेले, चित्ता इकडे आला. दोघांनाही कोणी विचारले नाही.

आता शास्त्राकडे वळू. जिथे कृष्णमृग चरतो ती भूमी यज्ञाला योग्य, असे स्मृतिकार सांगतात. कृष्णमृग म्हणजेच काळवीट. मग टेक्सासही यज्ञभूमी झाली का? मनुस्मृतीने तिथे एक शब्द घातला आहे: 'स्वभावतः'. जिथे तो आपल्या स्वभावाने, आपल्या मर्जीने चरतो ती भूमी. धरून नेलेला, कुंपणात ठेवलेला मृग त्या भूमीची खूण होत नाही. त्याच्या असण्यात त्याची इच्छा नाही, नेणाऱ्याची आहे. म्हणून त्याच्या तिथे असण्याचा जो काही बरावाईट परिणाम होईल, त्याचा धनीही नेणाराच.

सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे. लोकव्यवहारात मात्र उलटे चालते. जनावर कुंपणात असते तोवर 'माझे' आणि बाहेर पडले की 'कोणाचेच नाही'. जबाबदारी तारेपाशी संपली असे आपण धरतो. तार माणसाने लावली, जीव देवाने घडवला. माणसाच्या तारेने देवाच्या जीवाचे मोल कसे बदलेल?

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत पुष्कळ शहाणा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या दिली आहे. शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, पाठलाग करणे, हाकून नेणे आणि यातले काही करायचा प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीतच येते. आणि ते रानातल्या प्राण्याला लागू आहे तसेच बंदिवासातल्या प्राण्यालाही.

या व्याख्येच्या उजेडात पुण्यातल्या दोन घटना पाहाव्यात. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. तो कुठल्या पिंजऱ्यातून सुटलेला नव्हता, रानातून वाट चुकून आला होता. त्याच्याभोवती गर्दी जमली. लोक मागे धावले, आरडाओरडा झाला, मोबाइल वर झाले. भेदरलेला जीव भिंतींवर, फाटकांवर धडका देत राहिला. शेवटी भुलीचे इंजेक्शन देऊन त्याला पकडले आणि तो मेला. त्या गर्दीत एकाच्याही हातात बंदूक नव्हती. तरी एका जीवाची दमछाक करून त्याला मरणापर्यंत हाकत नेण्याला दुसरे कोणते नाव द्यावे?

मार्च २०२४ मध्ये कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. गव्यापेक्षा हा जीव माणसाला कितीतरी धोक्याचा. पण तो आवारातच राहिला, त्याच्यामागे गर्दी धावली नाही, जाणकारांनी शोध घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो जिवंत सापडला. निरुपद्रवी गवा मेला आणि हिंस्र बिबट्या वाचला. माणसे किती अंतरावर उभी राहिली, एवढाच फरक. कधीकधी दया म्हणजे चार पावले मागे सरकणे असते.

इथे कोणी पूर्वपक्ष मांडेल: महाराज, सगळ्याच जीवांना असे सोडून कसे भागेल? सुटलेला प्राणी माणसाच्या जिवावर उठला तर? परक्या प्राण्याने तिथल्या जीवांचे अन्न तोडले तर?

हा पूर्वपक्ष खरा आहे. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यात १८ ऑक्टोबर २०११ रोजी एका खासगी मालकाने पाळलेल्या हिंस्र प्राण्यांचे पिंजरे उघडले आणि स्वतःचा जीव दिला. अंधार पडत होता, आसपास वस्ती होती. पोलिसांनी गोळ्या घातल्या. मेलेल्या प्राण्यांत १८ वाघ आणि १७ सिंह होते. त्या पोलिसांना मी दोष देणार नाही. त्यांना शौक नव्हता, विजयही नव्हता. पुढच्या वर्षी त्या राज्याने असे प्राणी पाळण्यावर कडक कायदा केला. म्हणजे दोष पिंजऱ्याबाहेर आलेल्या वाघात नाही, त्याला घरात पिंजरा करून ठेवण्यात आहे, हे त्यांनीही ओळखले.

इतके दूर जायलाही नको. आपल्या उजनीच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्यांना विचारा. 'सकर' नावाचा मासा मूळ दक्षिण अमेरिकेतला. काचेच्या पेटीतले शेवाळ खातो म्हणून लोक तो हौसेने विकत घेतात. मोठा झाला की पेटीत मावत नाही, मग कुठेतरी पाण्यात सोडून देतात. तो आता उजनीच्या जाळ्यांत येतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही. मग जाळे ओढणारा वैतागून तो काठावर फेकतो आणि मासा उन्हात तडफडून मरतो. पाप कोणाचे?

मांस खाण्याच्या बाबतीत स्मृतिकारांनी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. घात फक्त मारणाऱ्याचा नाही. संमती देणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, हे सगळे घातकच. तोच न्याय इथे लावा. परदेशातून आणणारा, दुकानात मांडणारा, हौसेने घेणारा, कंटाळून सोडणारा, अशी ही रांग आहे. जाळे ओढणारा गरीब माणूस तिच्या अगदी शेवटी उभा आहे. त्याच्या वाट्याला फक्त शेवटचा घाव आला. त्याने तो मासा परत पाण्यात सोडू नये, कारण त्यात इतर जीवांची हानी आहे. पण काठावर तडफडतही ठेवू नये. मारणे भाग असेल तर एका घावात संपवावे. वेदना वाढवणे आणि त्याचा खेळ करणे, यांना कोणतीच गरज पाठीशी घालू शकत नाही.

टेक्सासच्या शिकाऱ्यालाही माझे उत्तर याच मापाचे आहे. त्या भूमीला हरणांचा भार खरोखर झाला असेल, तर ते काम जाणकारांनी, गरजेपुरते, जड मनाने करावे. पण शिंगे भिंतीवर टांगायची म्हणून केलेला नेम हे कर्तव्य नव्हे, तो शौक आहे. कायदा गप्प बसला म्हणून धर्माने होकार दिला, असे होत नाही. आणि त्याच टेक्सासमधून १९७०च्या दशकात काळवीट पाकिस्तानात परत नेले, कारण तिथले संपले होते. ज्याला परका म्हणून मोजले नाही, त्याच्याच वंशाने उजाड झालेले माहेर पुन्हा भरायला घेतले.

भागवतातल्या भरत राजाची कथा सर्वांना ठाऊक आहे. नदीत वाहून जाणारे हरणाचे पाडस त्याने वाचवले. ती दया शुद्ध होती. बंध पडला तो पुढे, 'हे माझे' म्हटल्यावर. शेवटच्या श्वासाला ध्यान पाडसाचे लागले आणि पुढचा जन्म हरणाचा आला. दया जीवाकडे पाहते, ममता आपल्या मालकीकडे. घरात शोभेला आणलेला जीव बहुधा ममतेने येतो आणि मन भरले की ममता त्याला वाऱ्यावर सोडते.

वारकऱ्यांना म्हणून एक विनंती. अलीकडे पुण्य समजून लोक जलाशयात मासे आणि कासवे सोडतात. दुकानातली लाल कानाची छोटी कासवे अमेरिकेतली असतात, चिलापी मासा मूळचा आफ्रिकेतला. अशा जीवाला सोडणे ही जीवदया नाही. ती आपली जबाबदारी पाण्यात ढकलणे आहे. घरात असा जीव असेल तर तो शेवटपर्यंत सांभाळावा, नाहीतर जाणकार संस्थेच्या हवाली करावा. आणि नवा आणू नये.

खडकवासल्याचे पाणी मुठेतून मुळेला मिळते, मुळा-मुठा होऊन भीमेत जाते, उजनीत विसावते आणि पुढे पंढरपुरात तीच भीमा चंद्रभागा म्हणून वळण घेते. आपण इथे जे सोडतो ते त्याच पाण्याच्या वाटेवर सोडतो. आषाढीला त्या पाण्यात उतरताना आपल्या घरातून तिच्यात काय गेले आहे, हे प्रत्येकाने आठवावे.