बँक कापणार नाही

मी बी. कॉम. आहे, ही गोष्ट आमच्या नातेवाइकांना कळायला नको होती. डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात, तसे मी दिसलो की फॉर्म बाहेर काढतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा! बरे, हे शास्त्रही असे की पाठ होईस्तोवर बदलते. पगारदारांची प्रमाणित वजावट २००५ च्या अंदाजपत्रकाने गेली, २०१८ च्या अंदाजपत्रकाने परत आली. संपत्ती कर १९५७ साली आला, २०१५ साली गेला. १९६१ च्या कायद्याची जागा घ्यायला २०२५ चा नवा कायदा आला आणि कलमे ८१९ वरून ५३६ वर उतरली. कायद्याचे वजन उतरले म्हणतात. माझा तर रुबाबच उतरला. नुसते 'ऐंशी सी' म्हटले तरी आमचे सासरे वचकून असत.

आता नियमच असा वर्षावर्षाला कूस बदलत असेल, तर त्यात पाप कोणते नि पुण्य कोणते? हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एका निवृत्त गुरुजींनी तो पाडला.

तेव्हा मुदत ठेवीचे वर्षाचे व्याज दहा हजारांच्या आत असले, की बँक कर कापत नसे. आणि हा हिशेब शाखेपुरता. त्यामुळे शहाणी माणसे सगळे पैसे एका शाखेत ठेवीतच नसत. गुरुजींच्या ठेवी गावातल्या आमच्या चार शाखांत होत्या. सल्ला अर्थात माझा. प्रत्येक ठिकाणी व्याज नऊ हजारांच्या घरात.

"म्हणजे कर नाही?" गुरुजींनी विचारले होते.

"बँक कापणार नाही," मी म्हणालो होतो.

वाक्य अक्षरशः खरे. पण बँकेने कापला नाही म्हणून कर माफ होत नाही. गुरुजींचे पेन्शन करपात्र होते. तेव्हा हे व्याजही विवरणपत्रात दाखवायला हवे होते. हे मला ठाऊक होते, गुरुजींना नव्हते. त्यांना ते ठाऊक नाही, हेही मला ठाऊक होते. पण काउंटरवर गर्दी होती. (गर्दी ही आमच्या धंद्यातली फार मोठी सोय आहे.)

१ जून २०१५ पासून नियम बदलला. संगणकाने जोडलेल्या सगळ्या शाखांचे व्याज एकत्र धरायचे ठरले. गुरुजींचा कर कापला गेला आणि पाठोपाठ गुरुजी आले.

"हे व्याज यंदापासून करपात्र झालं का?"

"होतंच, गुरुजी. आमच्या शाखांना एकमेकींचं ठाऊक नव्हतं, इतकंच."

"आणि तुम्हाला?"

त्या दिवशी नेमकी गर्दी नव्हती.

"सगळेच तसं करतात," मी म्हणालो. गुरुजींनी मागच्या वर्षांचे व्याजाचे दाखले मागितले.

"कशाला, गुरुजी? कोणी विचारणार नाही."

"मी विचारतोय ना! अहो, जन्मभर पोरांना व्याजाची गणितं घातली. 'कापलं नाही तर धरू नये' अशी रीत त्यात कुठंच नव्हती."

रागावले असते तर परवडले असते. दाखले घेऊन, वर 'त्रास दिला' म्हणून ते गेले.

१ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी ती मर्यादा एक लाख झाली. म्हणजे गुरुजींच्या चारही ठेवी एकत्र धरल्या, तरी आज बँक दमडी कापणार नाही! मी मात्र तेव्हापासून पूर्ण वाक्य बोलतो : "बँक कापणार नाही, पण कर लागू शकतो, विवरणपत्रात दाखवा." दुसरा अर्धा भाग ऐकला की गिऱ्हाईक शेजारच्या काउंटरला जाते. तिथे अजून अर्धेच वाक्य मिळते. रांगही तिथेच मोठी.

परवा बायको तिच्या नावाची एक पावती घेऊन समोर बसली. पैसे मी तिला दिलेले. अशा ठेवीचे व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.

"अहो, हे व्याज कुठं दाखवायचं असतं?" तिने विचारले.

मी आजूबाजूला पाहिले. घरात आम्ही दोघेच होतो.