घराचा पहिला कागद



संसारी माणसाला स्वतःचे घर असावेसे वाटते, यात पाप काहीच नाही. नामदेवराय, एकनाथमहाराज, तुकोबाराय हे सारे प्रपंची. त्यांनाही घरदार होते, लेकरेबाळे होती. तेव्हा वारकऱ्याने घर घ्यावे की नाही, असा वाद आम्ही घालीत नाही. आमच्यापुढे प्रश्न आला तो त्याच्या पुढचा. घर घेताना जो पहिला कागद होतो, त्यावर खोटे लिहून चालेल काय? भिवंडीत या प्रश्नाने आम्हांस चांगलेच खजील केले. ती हकीगत घडली तशी सांगतो.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. अलीकडे मागांच्या जोडीला आसपास मोठमोठी गोदामे उभी राहिली. आमच्या दिंडीतले एक गृहस्थ अशाच एका गोदामात मालाची आवक-जावक लिहितात. बावीस वर्षे भाड्याने राहिले. अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड पाठीवर. मुलांच्या शाळा बदलल्या, देव्हारा पाच वेळा हलला. शेवटी नवराबायकोंनी ठरविले, आता होईल ते होवो, स्वतःचे दोन खोल्यांचे घर घ्यायचे.

पहिले घर स्वस्तात मिळत होते. पण महानगरपालिकेची परवानगी कुठे आहे असे विचारताच मालकाने हसून विषय बदलला. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि ३० हून अधिक जीव गेले, हे भिवंडीकर विसरलेले नाहीत. गृहस्थांनी ते घर सोडले.

दुसरे घर मनाजोगे होते. वकिलाने मागच्या तीस वर्षांचे व्यवहार तपासले, कागद स्वच्छ निघाले. भाव ठरला चोवीस लाख. मग विकणारे म्हणाले, "करार वीस लाखांचा करू. वरचे चार रोख द्या."

यातली मेख अशी की, बँक कर्ज देते ते करारातल्या आकड्यावर. वरचे चार लाख बँक ओळखत नाही. ते बाईच्या अंगावरच्या सोन्यातून नाहीतर सावकाराकडून उभे करायचे. उद्या व्यवहार फिसकटला तर दाखवायला पुरावा वीसांचाच. शिवाय १ जून २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याची मनाई आहे, आणि घेणाऱ्यास तितकाच दंड आहे. हे सारे आम्हांस ठाऊक होते. तरी गृहस्थ विचारायला आले तेव्हा आम्ही काय सांगितले? "अहो, जगरहाटी आहे. सगळेच करतात. बावीस वर्षांनी घर होतंय, देऊन मोकळे व्हा." वर, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत साक्षीदार म्हणून सही करण्याचेही कबूल केले.

गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बुवा, एका पैची चूक सापडेना म्हणून नाथमहाराज रात्रभर हिशेब घेऊन बसले, ही कथा तुमच्याच तोंडून मी दर सप्त्यात ऐकतो. मी हिशेब लिहिणारा माणूस. गोदामात एक खोका कमी लिहिला तर मला चोर म्हणतील. इथं चार लाख कमी लिहायचे, आणि माझ्या अंगठ्याखाली तुमची सही. माळ दोघांच्याही गळ्यात."

आम्हांस उत्तर सुचेना. सुचले ते पळवाटेचे. आम्ही म्हणालो, "तुकोबांनी तर कर्जाचे कागदच इंद्रायणीत बुडवले. कागदाचं एवढं काय घेऊन बसलात?" ते काही बोलले नाहीत, उठून गेले.

रात्री आमचेच बोलणे आम्हांस टोचू लागले. तुकोबांनी आधी धाकट्या भावाची वाटणी वेगळी काढून दिली. बुडवले ते आपल्या वाट्याचे कागद. नुकसान झाले ते त्यांचे स्वतःचे, सुटका झाली ती ऋणकोंची. आम्ही सांगत होतो त्या कागदात सोय आमची होती, आणि तोटा ज्याला तोंड नाही अशाचा. सरकार म्हणजे कोणी परका सावकार नव्हे. आषाढीत पालखीच्या वाटेवर ज्या टँकरचे पाणी आपण पितो, थकलेल्या म्हाताऱ्यास ज्या रुग्णवाहिकेत झोपवितो, त्यांचा खर्च लोकांच्या करातूनच निघतो. आणि "सगळेच करतात" म्हणावे, तर वारीला निघताना आपण कधी विचारले काय, की सगळे जातात का?

आता एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास हवी. खरेपणाची किंमत द्यावी लागली, आणि ती एकट्या गृहस्थांनी दिली नाही. विकणाऱ्याने घर दुसऱ्यास दिले. बाई कित्येक दिवस नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत. "तुमचं दोघांचं खरं राहिलं, आणि पाण्याला खालच्या नळावर मी," असे त्या आम्हांस तोंडावर म्हणाल्या. त्यांचा राग चुकीचा होता असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? म्हणून, डोक्यावर छप्पर नाही अशा ज्याने नाइलाजाने असा व्यवहार केला, त्याला नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. नावे ठेवावी ती आमच्यासारख्या सल्लागाराला. आमचे घर जाणार नव्हते, सोनेही मोडणार नव्हते; तरी आम्ही खोट्याचा सल्ला दिला.

चौदा महिन्यांनी पडघ्याच्या बाजूला त्यांना एक घर मिळाले. लहान आहे, एक खोली आणि स्वयंपाकघर. गोदाम लांब पडते. हप्ते वीस वर्षांचे. पण ठरलेली सगळी किंमत कागदावर आहे. खरेदी बाईंच्या नावे झाली. स्त्रीच्या नावे राहते घर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तीही कामी आली. साक्षीदाराची सही आम्हीच केली. वास्तुशांतीला हरिपाठ झाला. बाईंनी चहा दिला आणि जागा अपुरी पडते हेही सांगितले.

आपल्यापैकी कोणी घराच्या खटपटीत असेल, तर त्याने कागद चांगल्या वकिलाला दाखवावेत, आणि करारातला आकडा एकदा पांडुरंगापुढे मोठ्याने वाचावा. आमच्यापुरते म्हणाल, तर कीर्तनात नाथांच्या पैची कथा आली की आताशा आमचा आवाज जरा खाली येतो.

रामकृष्ण हरि.