माप आणि भाव

घोडेगावच्या बाजारात कांदा घेताना काट्यावरचा वैधमापन खात्याचा शिक्का आम्ही कधी निरखून पाहत नाही. तो असणारच, या भरवशावर पैसे देतो. एवढ्यासाठी तरी सरकार हवेच.

मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तो ओला झाला. भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आम्ही वर्गात हुरुपाने सांगतो. दुसरी सांगताना मात्र अडखळतो. महागाईत लोकांनी भाव बांधून मागितले, तेव्हा त्यांनी नकार दिला; कोणावर जुलूम केल्याचा दावा घेऊन त्यांना अल्लाहसमोर जायचे नव्हते. (साठेबाजांनी यावर खूश होऊ नये, साठेबाजीही निषिद्धच आहे.)

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये. मधल्या काळात भाव कोसळले. ग्राहकाला दिलासा द्यायचा तर सरकारने तो तिजोरीतून द्यावा, शेतकऱ्याच्या खिशातून का? पण हे आम्ही आज म्हणतो. तेव्हा आम्हा पगारदारांना स्वस्ताई गोड लागली होती. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोतेभर कांदा घेतला. त्याने वजन चोख दिले, वर चार कांदे टाकले. आम्ही ते घेतले.