नुसतं घेणारा कोण? (गीता, अध्याय ३, श्लोक १२)



आज आपण गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकापाशी आलो आहोत. अकराव्या श्लोकात देव आणि माणूस यांनी एकमेकांना वाढवण्याची गोष्ट आहे. बाराव्यात भगवंत जरा कडक होतात. मिळालेलं परत न देता जो एकटाच भोगतो, त्याच्यासाठी ते सरळ 'चोर' हा शब्द वापरतात.

हा श्लोक मी आजवर पगार, निसर्ग, आईवडील या अंगाने वाचत आलो. मागच्या वर्षी एका माणसाने तो माझ्यासमोर उलटा धरला.

आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात एक दादा पखवाज वाजवायचा. बाईकवरून येताना अपघात झाला आणि मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखालची हालचाल गेली, संवेदनाही गेली. इजा पाठीच्या खालच्या भागात होती म्हणून हात शाबूत राहिले.

आठ महिन्यांनी तो भजनाला आला. क्लब हाऊसला तीन पायऱ्या आहेत. आम्ही चौघांनी त्याला व्हीलचेअरसकट उचलून वर नेलं. टाळ्या वाजल्या, हार घातला, पुढे बसवलं, प्रसाद हातात नेऊन दिला. पखवाजावर दुसरा मुलगा होता. त्या रात्री मी समाधानाने झोपलो. वाटलं, आज खरी सेवा घडली!

पुढचे तीन शनिवार दादा आलाच नाही. शेवटी मी घरी गेलो. तो म्हणाला, "अरे, मी तिथे पाहुणा होतो. उचलताना मला कुणी विचारलं का, कुठे धरायचं? दोन तासांत बाथरूमला जायची वेळ आली तर काय करायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं का? आणि माझा पखवाज माझ्यासमोर दुसरा वाजवतोय. तुमचा तो बारावा श्लोक आठवला. नुसतं घेणारा चोर. मग मी चोरच की! पण मला द्यायला तुम्ही काही शिल्लक ठेवलंत का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ऑफिसात युजरला न विचारता फीचर बनवलं तर आपणच एकमेकांना झापतो. इथे मी नेमकं तेच केलं होतं. मी माझ्या समाधानासाठी सेवा केली होती. दादाला कॅथेटर दर चार-सहा तासांनी लागतो. बसून बसून जखम होऊ नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं, कारण खाली दुखतंय हे त्याला कळतच नाही. हे सगळं त्याने सांगितलं. मी आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. त्याला वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

मग चोर कोण? मला वाटतं, घ्यावं लागणारा माणूस चोर नाही. ज्याच्या हातून देण्याची संधी आपण काढून घेतो, त्याची चोरी आपण केलेली असते. याच अध्यायात पुढे भगवंत या देवाणघेवाणीला चक्र म्हणतात. चक्र दादापाशी थांबलं असं दिसत होतं. प्रत्यक्षात ते आम्हीच धरून ठेवलं होतं.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. तरुण वयात कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि पुढे १९८४ मध्ये त्यांनीच 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. पण इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येकाने संस्था काढावी, प्रेरणा द्यावी, अशी अपेक्षा म्हणजे नवीन ओझं. ज्याचे हातही चालत नाहीत, तो काय देतो? तो मत देतो, नकार देतो, आपली चूक दाखवतो, ऐकून घेतो. देणं म्हणजे उपयोगी पडणं एवढंच नसतं. आणि एखाद्या शनिवारी यावंसं वाटलं नाही, तर तेही त्याचंच ठरवणं.

आमचं पुढे काय झालं? एक इंच चढाला बारा इंच उतार, हे रॅम्पचं साधं गणित. आमच्या पायऱ्या दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय अजून लोंबकळतोय. तोवर भजन खाली पार्किंगमध्ये होतं. शेजारच्या बाथरूमचं दार रुंद करून घेतलं. पखवाज टेबलावर ठेवून दादा वाजवतो आणि त्या नव्या मुलालाही शिकवतो.

परवा माझा टाळ चुकला. दादाने सगळ्यांसमोर झापलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आजचा छोटा अभ्यास: ज्याला आपण फक्त मदत करतो, अशा एका माणसाला आज काहीतरी मागून बघा. सल्ला, वेळ, काहीही. आणि मदत करायचीच असेल तर आधी विचारा, "कशी करू?"

राम कृष्ण हरी!